डॉ. आनंदीबाई जोशी व रसायनशास्त्राची मुळाक्षरे

पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या प्रांतात सर्वांच्या तोंडी आहे. त्यांचा निग्रह, त्यांची समुद्रयात्रा व त्यांचा अकाली मृत्यू यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु परदेशी जाऊन त्यांनी जी विद्या संपादन केली, तिच्या स्वरूपाकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. त्या विद्येच्या पायाशी रसायनशास्त्र होते, आणि त्या शास्त्राची स्वतःची अशी एक लिपी आहे. आज आपल्या खेड्यांतील मुलामुलींसही शाळेत ती लिपी शिकावी लागते, आणि पुष्कळांस ती पाहताच धडकी भरते. म्हणून आनंदीबाईंचे चरित्र सांगत असता त्या लिपीचाही परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म इ. स. १८६५ च्या मार्च महिन्याच्या ३१ व्या तारखेस पुणे शहरी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे राहणारे होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पती गोपाळराव जोशी हे पोस्ट खात्यात नोकरीस असून वयाने त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. गोपाळरावांस स्त्रीशिक्षणाचा विलक्षण ध्यास होता. पत्नीने संसार नीट केला नाही म्हणून तिला मारणारे पुरुष तेव्हा पुष्कळ होते; परंतु पत्नीने अभ्यास केला नाही म्हणून तिच्यावर हात टाकणारे गोपाळराव निराळेच. त्यांची ही रीत कठोर होती व ती कोणी वाखाणू नये. तथापि त्यांच्या बदलीच्या गावोगावी या मुलीचे वाचन, लेखन व इंग्रजी भाषेचा अभ्यास चालूच राहिला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर मूल वाचते, असे त्या मातेच्या मनाने घेतले. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करण्यास त्या काळच्या स्त्रिया धजत नसत, आणि स्त्री वैद्य तर मिळतच नसे. आपणच वैद्य व्हावे हा विचार त्यांच्या मनात या दुःखातून उगवला, आणि पुढे तो कधीही मावळला नाही.

गोपाळरावांनी रेव्हरंड रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डरसाहेबांनी पूर्वी कोल्हापुरास मिशनकार्य केले होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असे त्यांनी उत्तरी सुचविले. जोशी दांपत्याने ते मानले नाही, आणि गोष्ट तेथेच राहिली असती. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशन मासिकात प्रसिद्ध झाला होता. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी तो वाचला. त्यांना या अपरिचित मुलीविषयी कळवळा आला व त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. पुढे या दोघींचा इतका स्नेह जमला की आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. कार्पेंटरबाईंनी धर्मांतराची अट घातली नाही. आपल्या घरी मात्र त्यांस आसरा दिला.

१८८३ च्या फेब्रुवारी महिन्यात बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. हे आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे. हुगळी नदीच्या काठचे हे गाव निराळे. विल्यम केरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण इ. स. १८०५ साली येथेच प्रसिद्ध केले. याच कॉलेजातील जॉन मॅक या मिशनरी शिक्षकांनी १८३४ साली बंगाली भाषेत रसायनशास्त्राचा ग्रंथ काढला होता. देशी भाषेत हे शास्त्र आणण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होय. अशा त्या स्थळी, सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो हे लोकांस समजावून सांगितले. हिंदुस्थानात स्त्री वैद्यांची निकड आहे, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एप्रिलच्या ७ व्या तारखेस त्या कलकत्त्याहून निघाल्या व जूनच्या ४ थ्या तारखेस न्यूयॉर्क बंदरी उतरल्या. गोपाळराव मागे राहिले होते.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. तेथील मुख्याध्यापिका म्हणजे डीन रेचल बॉडली या होत्या. बॉडलीबाईंचा जन्म १८३१ साली ओहायो प्रांतातील सिनसिनाटी शहरी एका प्रेस्बिटेरियन कुटुंबात झाला. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. १८६५ पासून, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्मवर्षापासून, त्या या महाविद्यालयात रसायनशास्त्र व विषविद्या शिकवीत. पुढे पंडिता रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकास प्रस्तावना लिहिली ती याच बाईंनी.

बॉडलीबाईंची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्राणवायूचा शोध लावणारे जोसेफ प्रीस्टली हे इंग्लंडातील पाळक होते. त्यांची मते न रुचल्यामुळे १७९१ साली बर्मिंगहॅम शहरी जमावाने त्यांचे घर व प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली, आणि १७९४ साली ते अमेरिकेस निघून गेले. पेनसिल्व्हानिया प्रांतातील नॉर्थंबरलंड गावी त्यांची कबर आहे. प्राणवायूच्या शोधास १८७४ साली शंभर वर्षे होत होती. त्या निमित्ताने रसायनशास्त्रज्ञांनी प्रीस्टली यांच्या कबरीपाशी जमावे, ही सूचना बॉडलीबाईंनी केली. तो मेळावा भरला, आणि त्यातूनच दोन वर्षांनी अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था उदयास आली. अशा अधिकारी शिक्षिकेच्या महाविद्यालयात पुण्याची ही मुलगी नऊवारी लुगडे नेसून जाऊन बसली.

आता या शास्त्राच्या लिपीकडे वळू. जगातील नाना पदार्थ थोड्याशा मूलद्रव्यांच्या मिलाफाने झालेले आहेत. प्रत्येक मूलद्रव्यास एक खूण असावी म्हणून इंग्लंडातील जॉन डाल्टन यांनी निरनिराळी वर्तुळे काढली होती. ती काढण्यास व छापण्यास त्रासाची. मग स्वीडन देशातील बर्झेलियस यांनी १८१३ च्या सुमारास सोपा मार्ग काढला: मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर, आणि संशय पडेल तेथे आणखी एक अक्षर, हीच त्याची खूण. हायड्रोजनास एच, ऑक्सिजनास ओ, कार्बनास सी, कॅल्शियमास सी-ए, क्लोरीनास सी-एल. ही अक्षरे सर्व जगात रोमन लिपीत लिहितात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

काही खुणा मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतात. सोडियमाची खूण एन-ए, लोखंडाची एफ-ई, पाऱ्याची एच-जी. याचे कारण, ही नावे लॅटिन भाषेतील नॅट्रियम, फेरम व हायड्रार्जिरम यांवरून आली आहेत. मराठी घरातून आलेल्या मुलीस ती परकी वाटतील यात नवल नाही. परंतु तिच्या शेजारी बसणाऱ्या अमेरिकन मुलीसही ती तितकीच परकी. इतर विषयांत इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा त्या पुढे असत. या लिपीपुढे सर्वजणी सारख्याच नवख्या. ही लिपी कोणाचीच मातृभाषा नव्हे. तिचा नियम जो शिकेल त्याची ती होते. जात, वतन किंवा वर्ण ती विचारीत नाही.

तो नियम असा. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूस जणू काही हात आहेत अशी कल्पना करावी. या हातांच्या संख्येस शास्त्रात संयुजा म्हणतात. हायड्रोजन, सोडियम व क्लोरीन यांस प्रत्येकी एक हात, ऑक्सिजन व कॅल्शियम यांस दोन, कार्बनास चार. पदार्थ तयार होताना कोणाचाही हात रिकामा राहता कामा नये. म्हणून दोन खुणा शेजारी लिहाव्या आणि पहिल्याच्या हातांचा आकडा दुसऱ्याच्या पायाशी व दुसऱ्याचा पहिल्याच्या पायाशी लिहावा. एक हा आकडा असेल तर तो लिहीत नाहीत. (पुस्तकांत हा अंक अक्षराच्या खाली लहान करून छापतात, येथे तो ओळीतच दिला आहे.)

पाण्याचे उदाहरण घेऊ. हायड्रोजनास एक हात, ऑक्सिजनास दोन. आकड्यांची अदलाबदल केली की एच२ओ झाले. म्हणजे ऑक्सिजनाचे दोन हात धरण्यास हायड्रोजनाचे दोन अणू लागले. मिठात सोडियम व क्लोरीन आहेत. दोघांसही एकेकच हात, म्हणून मिठाचे सूत्र एन-ए सी-एल. कळीच्या चुन्यात कॅल्शियम व ऑक्सिजन आहेत; दोघांस दोन-दोन हात. अदलाबदल केली तर दोहोंच्या पायाशी दोन येतात. परंतु आकडे सारखे असल्यास त्यांस भागून लहान करावे, म्हणून चुन्याचे सूत्र केवळ सी-ए ओ. आपण श्वासावाटे जो कर्बवायू बाहेर टाकतो त्यात कार्बनाचे हात चार व ऑक्सिजनाचे दोन. अदलाबदलीने कार्बनापाशी दोन व ऑक्सिजनापाशी चार येतात. दोहोंस दोनाने भागले की सीओ२ हे सूत्र मिळते.

कधी कधी काही अणू घरच्या भावंडांप्रमाणे जमावानेच फिरतात. ऑक्सिजन व हायड्रोजन मिळून ओएच हा जमाव होतो. त्यास एक हात. कार्बनाचा एक व ऑक्सिजनाचे तीन अणू मिळून सीओ३ हा जमाव होतो. त्यास दोन हात. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले म्हणजे तो उकळून फुलतो. या विरलेल्या चुन्यात एका कॅल्शियमाने ओएच हे दोन जमाव धरलेले असतात. म्हणून ओएच कंसात घालून कंसाबाहेर दोन लिहितात: सी-ए (ओएच)२. चुनखडीत कॅल्शियमाचे दोन हात व सीओ३ चे दोन हात जुळतात. तिचे सूत्र सी-ए सीओ३. धुण्याच्या सोड्यात सोडियमाला हात एकच, म्हणून सोडियम दोन लागतात: एन-ए२ सीओ३. खाण्याच्या सोड्यात दोहोंपैकी एका सोडियमाच्या जागी हायड्रोजन असतो: एन-ए एच सीओ३. बाजारात दोहोंसही सोडाच म्हणतात. परंतु एक आपण पिठात घालतो व दुसरा घातला तर तोंड व पोट भाजेल. नावाने जो भेद झाकला जातो, तो सूत्राने उघड होतो.

वैद्याच्या हातात या भेदाचे मोल प्राणाएवढे असते. त्या काळी कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे औषध रेच म्हणून सर्रास देत. त्यात पारा व क्लोरीन असतात. पाऱ्याचे दोन अणू एकमेकांस धरून बसतात आणि प्रत्येकाच्या मोकळ्या हातात एकेक क्लोरीन येतो. म्हणून त्याचे सूत्र एच-जी२ सी-एल२. येथे आकडे भागून लहान करीत नाहीत, कारण ती जोडी फुटत नाही. परंतु पारा कधी एकटाच दोन क्लोरीन धरतो. तेव्हा सूत्र होते एच-जी सी-एल२. हा दुसरा पदार्थ पाण्यात सहज विरघळणारे जालीम विष आहे. त्याचे अत्यंत पातळ पाणी हात धुण्यासाठी डॉक्टर त्या वेळी वापरू लागले होते. पोटात गेले तर मृत्यू. दोन्ही पांढरी पूड, दोहोंत तीच दोन मूलद्रव्ये, आणि आपल्याकडे रसकापूर हे नाव कधी एकास तर कधी दुसऱ्यास लावीत. सूत्रातील एका लहानशा आकड्याने औषध व विष वेगळे होत. (पारा स्वतःच अपायकारक असल्यामुळे आज कॅलोमेलही पोटात देत नाहीत.) ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र व विषविद्या एकाच शिक्षिकेकडे होती, तेथे हा आकडा किती जपून लिहावा लागत असेल हे सांगावयास नको. ज्या मातेचे मूल वैद्याअभावी गेले, तिला या काळजीचा अर्थ इतर कोणाहूनही अधिक कळला असेल.

आनंदीबाईंनी तीन वर्षे हा अभ्यास नेटाने केला. फिलाडेल्फियाची कडक थंडी, शाकाहारामुळे होणारी जेवणाची आबाळ व अविश्रांत परिश्रम यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. तरी १८८६ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानाच्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. त्याच कोल्हापुरात त्या काळी राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक हे रसायनादी शास्त्रांवर मराठीत ग्रंथ लिहीत होते. आनंदीबाई तेथे रुजू होत्या, तर परदेशी मिळविलेली विद्या व देशी भाषेतील विद्या यांची एका गावी गाठ पडती.

परंतु तसे घडावयाचे नव्हते. नोव्हेंबरच्या १६ व्या तारखेस त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षयाने जर्जर होऊनच. त्यांस पुण्यास आणिले. पुष्कळ उपचार झाले. गुण आला नाही. इ. स. १८८७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २६ व्या तारखेस, जन्मगावीच, त्यांनी देह ठेविला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला होता. ज्या इस्पितळासाठी त्यांनी एवढे सायास केले, त्यातील एकाही रोग्याची नाडी पाहण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली, व न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथील त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेविली आहे. पुढील वर्षी, १८८८ च्या जून महिन्यात, बॉडलीबाईही निवर्तल्या.

मग त्या विद्येचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुणे शहरातच सापडते. जी अक्षरे शिकण्यासाठी पुण्याच्या एका मुलीस दोन महिने समुद्रातून प्रवास करावा लागला, ती आता याच शहरातील बालभारती या संस्थेच्या पाठ्यपुस्तकांतून खेडोपाडी जातात. ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही १९५० पासून पुण्यातच आहे. माध्यमिक शाळेतील मुलगी आज आपल्या गावच्या वर्गात बसून मराठीत संयुजा शिकते व चुन्याचे सूत्र फळ्यावर लिहिते. ज्या दारातून आनंदीबाईंस एकटीने व प्राण वेचून आत जावे लागले, ते दार आता उघडे आहे.

तथापि दार उघडे असले तरी उंबरठा ओलांडावा लागतोच. पुष्कळ मुली या विषयापाशी अडखळतात. सूत्रे मंत्राप्रमाणे पाठ करण्याचा त्या यत्न करितात, आणि दहा पाठ झाली की अकरावे विसरते. मग घरची मंडळी म्हणतात की हिच्या डोक्यात हे शिरत नाही, आता शाळा पुरे. उपदेशक व शिक्षक बंधूंनी अशा वेळी मध्ये पडावे. रसायनशास्त्र आपणांस ठाऊक नाही म्हणून संकोचण्याचे कारण नाही. वर दिलेला हातांचा नियम एवढाच प्रथम पुरे. मुलीस पाठ म्हणावयास न लावता मूठभर खडे व चिंचोके घ्यावे, खड्यास दोन हात व चिंचोक्यास एक हात असे ठरवावे, आणि कोणाचाही हात रिकामा राहू न देता जुळवावयास सांगावे. पाणी, मीठ, चुना व सोडा हे चार पदार्थ स्वयंपाकघरात किंवा अंगणात सापडतातच. त्यांची सूत्रे तिने आपल्या बुद्धीने बसविली, म्हणजे पाचवे बसविण्यास ती कोणाची वाट पाहणार नाही. लोखंड व पारा यांसारख्या काही मूलद्रव्यांस हातांची संख्या दोन प्रकारची असते, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

आनंदीबाईंचे चित्र आपण शाळांच्या भिंतीवर लावितो व त्यांच्या धैर्याची प्रशंसा करितो. ते योग्यच आहे. परंतु आपल्या मंडळीतील एखादी मुलगी विज्ञानाच्या वहीपुढे डोळ्यांत पाणी आणून बसली असेल, तर तिच्याजवळ अर्धा तास बसणे हे त्या चित्रास हार घालण्याहून अधिक मोलाचे होय.